दुर्मीळ प्राणी आणि घाईचा व्यापार

आजचा विषय ‘गेममधले दुर्मीळ प्राणी सुरक्षितपणे कसे मिळवावेत’ असा जाहीर झाला आहे, आणि मी त्याच्याकडे येणारच आहे. पण आधी पोकेमॉन या गेममधल्या म्यू नावाच्या प्राण्याबद्दल बोलू द्या. म्यूची गोष्ट नीट कळली की आजच्या फसवणुकीतलं निम्मं तिथेच उलगडतं.

27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले दोन गेम आले, रेड आणि ग्रीन. सगळ्यांना ठाऊक असलेले पोकेमॉन 150. गेम पुरा होत आला तेव्हा चाचणीसाठी ठेवलेला कोड काढला गेला आणि कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, सुमारे 300 बाइट जागा मोकळी झाली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने तेवढ्या जागेत 151वा प्राणी बसवला. तो म्यू. खेळता खेळता तो कुणाला सापडावा अशी सोयच केलेली नव्हती. मग कोरोकोरो कॉमिक या मासिकाने जाहीर केलं की 20 जणांना म्यू देणार. अर्ज किती आले असतील? अंदाज सांगा. पाचशे? आणखी वर चला. सुमारे 78,000!

वीस जणांना मिळाला, बाकीच्यांनी फक्त ऐकला. अशा ठिकाणी अफवा जन्म घेते. ती जगभर पसरली: व्हर्मिलियन शहराच्या बंदरात एक ट्रक उभा आहे, तो ढकला, खाली म्यू आहे. इथे कोणी तो ट्रक ढकलून पाहिला आहे? हात वर करा. वा, पिकलेल्या केसांचेही हात आहेत! मग तुम्हाला आठवेल की त्या ट्रकपर्यंत पोचणं किती अवघड होतं. बंदरातलं जहाज एकदा निघून गेलं की तिकडचा रस्ता बंद. ज्यांचं जहाज निघून गेलं होतं त्यांना पुन्हा पहिल्यापासून खेळ मांडावा लागे, आणि कार्ट्रिजमध्ये सेव्ह एकच. म्हणजे कितीतरी दिवस जमवलेले आपले सगळे प्राणी पुसून मुलं एका ट्रकच्या मागे लागली. आणि ट्रकखाली काहीच नव्हतं.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं. त्या अफवेतून कुणाच्या खिशात काही गेलं नाही. पोरांनी पोरांना सांगितलं, बस. आज तीच अफवा उठते, ‘हे कर, दुर्मीळ पेट (गेममधला पाळीव प्राणी) मिळेल’, तेव्हा तिच्यामागे खिसा भरणारा कुणीतरी असतो. दुर्मीळपणा गेम बनवणारे ठरवतात. चमकणारा, वेगळ्या रंगाचा शायनी पोकेमॉन पूर्वी 8,192 मध्ये एकदा दिसायचा, 2013च्या एक्स आणि वायपासून ते प्रमाण 4,096 मध्ये एक झालं. आकडा बदलला की दुर्मीळपणा बदलला. त्यातून खेळणाऱ्याच्या मनात जी घाई तयार होते, तिच्यावर भामटा जगतो.

घाईचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण जुलै 2016चं. पोकेमॉन गो काही मोजक्या देशांत आला, बाकीचं जग वाट पाहत बसलं. काही दिवसांतच प्रूफपॉइंट या सुरक्षा कंपनीला त्याच गेमची एक बनावट फाइल सापडली. गेम दिसायला तोच, पण आत ड्रॉइडजॅक नावाचं साधन होतं, फोनचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणारं. वाट पाहायला लावलं की माणूस अधिकृत स्टोअरच्या बाहेरची फाइल घ्यायला तयार होतो, हे भामट्यांच्या टोळ्यांना गेम कंपन्यांइतकंच चांगलं कळतं.

आता माझी तक्रार. मुलाचं अकाउंट चोरीला जातं, तो रडत येतो, आणि मोठी माणसं म्हणतात, ‘अरे, खोटा प्राणी तो, दुसरा घे.’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मला राग येतो. नेदरलँड्समध्ये दोन मुलांनी तिसऱ्याला मारहाण करून त्याच्याकडून रूनस्केप या ऑनलाइन गेममधला एक मुखवटा आणि एक ताईत हिसकावून घेतला. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. बचाव असा होता की या वस्तू खऱ्याच नाहीत. 2012मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: खेळणाऱ्याने वेळ आणि कष्ट घातले, त्यातून वस्तूला मोल आलं, आणि तिची चोरी होऊ शकते. न्यायाधीशांना पटलेली गोष्ट आपल्याला घरात पटत नाही? आणि हसण्याचा परिणाम बघा. ज्याला हसलं गेलं, तो पुढच्या वेळी सांगत नाही. ‘पेट परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दुसऱ्या भामट्याकडे तो एकटाच जातो.

कंपन्यांना काही करता येत नाही असंही नाही. ब्लिझर्ड या कंपनीने 2008मध्ये आपल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमसाठी ऑथेंटिकेटर आणला, म्हणजे लॉगिनसाठी पासवर्डशिवाय आणखी एक कोड देणारं साधन. पुढे तो अकाउंटला जोडणाऱ्याला कोअर हाउंड पप हे गेममधलं दोन डोक्यांचं पिल्लू मिळू लागलं. मला ही कल्पना अतिशय आवडते. ज्या हौसेमुळे मूल फसतं, तीच हौस इथे त्याच्या राखणीला लावली. प्रत्येक गेमने हे करावं असं माझं म्हणणं आहे आणि मी ते जिथे संधी मिळेल तिथे मांडतो. कुलूप लावणाऱ्याला पिल्लू द्या!

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आली. मग कबूल केलेलं भराभर सांगतो.

अदलाबदल गेमच्या ट्रेड खिडकीतच करा, आणि पूर्ण व्यवहार एकाच ट्रेडमध्ये. ‘आधी तू दे, पुढच्या ट्रेडमध्ये मी देतो’ याला ट्रस्ट ट्रेड म्हणतात, तिथेच थांबा. अ‍ॅडॉप्ट मी! या रोब्लॉक्स नावाच्या ऑनलाइन गेमिंग प्लॅटफॉर्मवरच्या गेममध्ये एक मेगा निऑन (रंग बदलत चमकणारं पेट) करायला एकाच जातीची 16 पेट लागतात, म्हणून ‘तुझी उसनी दे, करून परत देतो’ हा सापळा तिथे चालतो. शेवटचं बटण दाबण्यापूर्वी समोरचा प्राणी तोच आहे ना, ते पुन्हा बघा.

पासवर्डइतकीच कुकी जपा. तुम्ही लॉगिन झाला आहात ही ब्राउझरने ठेवलेली खूण म्हणजे कुकी, ती ज्याच्या हाती पडली त्याला पासवर्ड लागत नाही. ‘पेटची कॉपी करायची युक्ती’ सांगणारे व्हिडिओ काहीतरी कॉपी करून पेस्ट करायला लावतात, ते बहुधा यासाठीच. रोब्लॉक्सच्या लॉगिन कुकीची सुरुवातच ‘हे कुणाला देऊ नका’ अशा इशाऱ्याने होते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा आणि आलेला कोड कुणालाही सांगू नका, अगदी ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही. अकाउंट गेलंच तर सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, पासवर्ड बदला, ईमेलचाही बदला, आणि गेमच्या अधिकृत मदत विभागालाच लिहा.

पैसे देऊन बाहेरून प्राणी घेऊ नका. 2023च्या योकोहामातल्या पोकेमॉन जागतिक स्पर्धेत गेमच्या डेटात फेरफार करून अवैधरीत्या तयार केलेल्या पोकेमॉनमुळे खेळाडू बाद झाले. 2024मध्ये जपानच्या कोची पोलिसांनी असेच फेरफार केलेले पोकेमॉन विकणाऱ्याला अटक केली.

आणि सगळ्यात जास्त वेळ ज्याला द्यायला हवा होता ते शेवटी राहिलं. प्राणी चोरणाऱ्यापेक्षा प्राणी फुकट देणाऱ्या अनोळखी माणसाची मला जास्त भीती वाटते. तो आधी दुर्मीळ पेट भेट देतो, मग गप्पा दुसऱ्या अ‍ॅपवर नेतो, मग ‘घरी सांगू नकोस’ म्हणतो, मग फोटो मागतो. मुलांना हा क्रम आधीच सांगून ठेवा. त्यातलं काही घडलं आणि मूल तुमच्याकडे आलं, तर गेम बंद करण्याची धमकी देऊ नका. त्याला रागवू नका, संभाषण पुसू नका, मागितलेलं काही पाठवू नका. त्या माणसाला ब्लॉक करण्यापूर्वी त्याचं युजरनेम आणि तारखा लिहून घ्या आणि त्याच दिवशी पोलिसांकडे जा.