अर्धांगवायू की अर्धशिशी?

डोळ्यांसमोर चमचमणारी नागमोडी रेघ उमटते. काही मिनिटांनी बोटांना मुंग्या येतात, मनगटावरून कोपराकडे चढतात, ओठांच्या कडेला पोचतात. मग त्याच हातातली ताकद जाते आणि शब्द सापडेनासे होतात. डोकं कधी नंतर ठणकतं, कधी सोबतच. हा हेमिप्लेजिक मायग्रेन, म्हणजे शरीराची एक बाजू लुळी पाडणारी अर्धशिशी. डेन्मार्कमधल्या पाहणीत तो दहा हजारांत साधारण एकाला आढळला.

निदानाची पहिली खूण म्हणजे लक्षणांची चाल. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली, की तोंड, हात, पाय बहुधा एकदम लुळे पडतात. इथे मेंदूच्या पृष्ठभागावरून एक विद्युत-रासायनिक लाट मिनिटाला 3 ते 5 मिलिमीटर वेगाने सरकते, म्हणून लक्षणंही सरकत जातात. रुग्णाला बोलता येत नसतं, तेव्हा काय आधी झालं, किती वाजता, हे घरच्यांनीच लिहून ठेवायचं.

फसगत होते ती ‘हात जड झाला’ या वाक्यापाशी. साध्या मायग्रेनमध्येही बधिरपणा येतो, आणि बधिर हात मेल्यासारखा वाटतो. म्हणून डॉक्टर डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात पुढे धरायला सांगतात. ताकद कमी असलेला हात आतल्या बाजूला वळत खाली येतो.

पहिल्या झटक्यात मात्र घरी अंदाज बांधत बसू नये. 108 ला फोन करावा. पक्षाघात असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. रुग्णालयात आधी रक्तातली साखर पाहतात, कारण ती उतरली तरी एक बाजू लुळी पडू शकते. मग स्कॅन आणि रक्तवाहिन्यांचं चित्रण. फिटची शंका असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख. ताप आणि गुंगी असेल तर पाठीतलं पाणी काढून तपासतात. (तीव्र झटक्यात हा मायग्रेनही ताप आणतो, हा आणखी एक घोळ.) कॅथेटरची अँजिओग्राफी (रक्तवाहिनीत नळी घालून केलेलं चित्रण) शक्यतो टाळतात, तिनेच झटका येऊ शकतो.

निकष असा : किमान दोन झटके, आणि ताकद पूर्ण परत आलेली. बहुतेकांची 72 तासांत येते, काहींना आठवडे लागतात. आईवडील, भावंडं, मुलं, आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या यांपैकी कुणाला असेच झटके आले होते का, हे विचारतातच. या आजाराशी निगडित म्हणून 1996 मध्ये सापडलेल्या सीएसीएनए1ए जनुकात दोष असेल, तर झटके नसतानाही चाल डगमगू शकते. जनुक चाचणीत काही सापडलं नाही, तरी आजार नाही असं ठरत नाही.

आणि मायग्रेनवरच्या सुमाट्रिप्टानसारख्या गोळ्या या रुग्णांना सहसा देत नाहीत. त्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. पूर्वीच्या चिठ्ठीवर त्या असतील, तर पुढची गोळी घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवाव्यात.