इमारत उभी होती, तरीही

[दृश्य: शांत वॉर्ड. कॉटच्या चाकांवर कॅमेरा.]

फेब्रुवारी १९७१. कॅलिफोर्नियात भूकंप झाला आणि सिल्मारचं नवंकोरं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय मोडून पडलं. त्याच जागी पुन्हा बांधलं ते चांगलं भक्कम, पोलादी भिंतींचं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात ही इमारत ताठ उभी राहिली. पण आतले पाण्याचे पाइप फुटले, मजल्यांवर पाणी झालं आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं.

म्हणूनच रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या या आपत्ती-प्रशिक्षणाची सुरुवात वॉर्डातल्या फेरीने होते. खांब-तुळया इंजिनिअर तपासतील. पण औषधांचं कपाट भिंतीला आवळलेलं नाही, हे रोज त्यात हात घालणाऱ्या सिस्टरलाच आधी कळणार.

[दृश्य: कोपऱ्यातला ऑक्सिजन सिलिंडर.]

प्रशिक्षक सिलिंडरच्या मानेला हात लावतात. तो डुलतो. भिंतीला साखळी आहे, कडीही आहे. घाईत अडकवायची राहिली. हा पडला आणि व्हॉल्व्ह तुटला, तर आतल्या दाबाने तोफगोळ्यासारखा सुटेल. वॉर्डबॉय पुढे होतो, कडी अडकवतो, स्वतःच हलवून बघतो.

जिन्याकडचं अग्निरोधक दार स्टूल लावून उघडं ठेवलंय. ते स्टूल आधी हलवायचं, कारण हे दार धूर अडवतं. आग लागली की सगळ्यांना लगेच खाली उतरवत नाहीत. आधी त्याच मजल्यावर, अशा दाराच्या पलीकडे न्यायचं.

आता आयसीयू. कॉटवर सरावाचा पुतळा, व्हेंटिलेटर लावलेला. प्रशिक्षक सांगतात, "वीज गेली. बॅटरीही बंद." सिस्टर अँब्यू बॅगसाठी, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीसाठी, धावतात. बॅग कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शेजारच्या वॉर्डात.

कुणी काही बोलत नाही. माझ्या मते सबंध दिवसातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. ही किल्ली आज सापडली नाही, हे फार बरं झालं.

मग प्रश्न सुरू होतात. ऑक्सिजन लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचं कोण ठरवणार? आणि त्याआधी लाइनवरचे रुग्ण सिलिंडरवर कोण घेणार? प्रत्येक पाळीसाठी नाव ठरतं, फळ्यावर लिहिलं जातं.

[दृश्य: रात्र. टॉर्चचा उजेड.]

सराव पुन्हा होतो, मुद्दाम रात्रपाळीत. माणसं कमी, दिवे बंद. अँब्यू बॅग उशाशीच आहे. एक सिस्टर आकडे मोजत बॅग दाबतेय. दुसरी वाकते आणि कॉटचा ब्रेक सोडते.