एलिनोर दाराआड रडत नाही

नमस्कार! मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला. तरी साताऱ्यात आजही बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात आणि भावाची चोळी-बांगडी घेऊन सासरी परततात. हे जवळून पाहिलेल्या माणसाला ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ कळायला इंग्लंडचा इतिहास वाचावा लागत नाही. कादंबरी जेन ऑस्टिनची, १८११ ची. सिनेमा आँग ली यांचा, १९९५ चा.

सुरुवातच बघा. मरणाच्या दारात बाप मुलाकडून वचन घेतो, की सावत्र आईला आणि बहिणींना सांभाळ. मुलगा म्हणतो, तीन हजार पौंड देतो. मग बायको बोलायला लागते. तीनाचे दीड हजार होतात. मग वर्षाला शंभर. मग कधीमधी वीस. घोडागाडी वाड्यावर पोचेपर्यंत वचनातलं काहीच उरत नाही, आणि एवढ्यात कुणी आवाजसुद्धा चढवलेला नसतो!

आता या बेघर झालेल्या घरातल्या थोरलीकडे, एलिनोरकडे बघा. एमा थॉम्पसनने ही भूमिका केलीय आणि पटकथाही तिचीच, त्या पटकथेला ऑस्कर मिळालं. धाकटी मेरिअन, म्हणजे केट विन्स्लेट, पावसात भिजते, कविता म्हणते, प्रेमात उघडउघड वेडी होते. साखर बंद, मांसही परवडायचं नाही, हे आईला सांगायचं काम मात्र एलिनोरचं. आवडत्या एडवर्डचं ल्यूसी नावाच्या मुलीशी गुपचूप लग्न ठरलंय हे कळल्यावरही ती तोंडातून अक्षर काढत नाही.

शेवटी एडवर्ड दारात येतो. त्याचं लग्न झालंय, असंच सगळे धरून चाललेत. झालेलं नसतं. कादंबरीत एलिनोर खोलीबाहेर जवळजवळ पळते आणि दार लागल्यावर रडते. थॉम्पसनने तिला खोलीतच ठेवलं. आई आणि बहिणी बाहेर जातात, आणि ही त्याच्यासमोर हमसून हमसून रडते, चेहऱ्याची पर्वा न करता. इतके दिवस जिने कुणाला काही कळू दिलं नाही, तिचं मन ज्याला कळायला हवं त्यालाच कळतं. ऑस्टिन मला फार प्रिय आहे, तरी सांगते, इथं सिनेमा कादंबरीच्या पुढं गेलाय.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा ल्यूसी आपलं गुपित एलिनोरला सांगते, तो प्रसंग दोनदा लावा. ल्यूसीकडे अजिबात बघू नका. एलिनोरच्या चेहऱ्यावर तुम्हाला काय दिसलं, ते मला खाली लिहा.