गोळी नेमकी कुणाची?

कोल्हापुरात सीपीआर दवाखान्याच्या आसपासच्या कुठल्याही मेडिकलात पाच मिनिटं उभे राहा. "डोकं ठणकाय लागलंय ओ, दोन गोळ्या द्या," हे ऐकू येणारच. दुकानदार कात्री उचलतो, पाकिटातल्या दोन गोळ्या कापून देतो, गिऱ्हाईक चाललं. त्या तुकड्यावर काय उरलं? नुसतं 'क्रो', नाहीतर 'लो ६५०'. कारखाना, बॅच, मुदत सगळं दुकानातच राहिलं. मी काउंटरमागं असताना हेच केलंय, बरीच वर्षं.

एकदा आमच्या आईच्या डब्यात असे दोन तुकडे सापडले. एक अंगदुखीचा, एक तापाचा, असं तिचं म्हणणं. दोन्ही पॅरासिटामॉलच! ती दोन्ही घेत होती. धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला ४ ग्रॅमच्या वर हे औषध नको, लिव्हरवर येतं. तेव्हापासून मी छापील बाजू न कापता उलट्या टोकानं कापायला लागलो.

आता अख्खं पाकीट घ्या. बारीक अक्षरांत दोन नावं दिसतील. 'मार्केटेड बाय' म्हणजे विकणारा, 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' म्हणजे बनवणारा. कधी दोन्ही एकच, पुष्कळदा नाही. आपल्याकडं गुळाचं असंच की. गुऱ्हाळ एकाचं, खोक्यावर नाव व्यापाऱ्याचं. मुंबईच्या कंपनीची गोळी हिमाचलातल्या बद्दीत, सिक्कीममध्ये नाहीतर हरिद्वारला तयार होते. यात फसवणूक नाही, कायद्याला ते मान्य आहे. फक्त पूर्वी विकणारा हात झटकू शकायचा. १ मार्च २०२१ पासून दर्जाची जबाबदारी त्याच्यावरही आली.

मालक बदलतात ते वेगळंच. क्रोसिन आणि कालपोल एकेकाळी ग्लॅक्सोच्या एकाच घरात नांदत होत्या. २०२२ मध्ये वाटण्या झाल्या. क्रोसिन हॅलिऑन या वेगळ्या झालेल्या कंपनीकडं गेली, कालपोल ग्लॅक्सोकडंच राहिली. तालमीतली पोरं खांद्यावर मारतात ती व्होलिनी रॅनबॅक्सीची होती. २०१५ ला रॅनबॅक्सीच सन फार्मात विलीन झाली. डोलो मात्र पहिल्यापासून बेंगळुरूच्या मायक्रो लॅब्जची.

१ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या ३०० ठरावीक ब्रँडांवर बारकोड नाहीतर क्यूआर सक्तीचा झालाय. मोबाइल धरा, निर्मात्याचं नाव-पत्ता, बॅच, परवाना नंबर पुढ्यात येतो. तुकड्यावर तो कोडही नसतो, हे लक्षात आलंच असेल.

आज इथं येताना घरातली पाकिटं घेऊन या म्हटलं होतं, किती जणांनी आणलीत? हं, आजी, द्या इकडं. आणि चष्मा पण द्या जरा, माझा घरी राहिला. हे बघा, ऑफिस मुंबई. आणि खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात... बद्दी, जिल्हा सोलन.