अरबी ‘सित्ता’नं गिळलेला ‘द’

नमस्कार मंडळी! पेशवाईतल्या मोडी कागदांवर साल कसं लिहायचे, ऐका. ‘इहिदे सितैन मया व अलफ.’ मंत्र नाही हो, चक्क अरबी आकडा आहे! इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा शुहूर सन, मृग नक्षत्राला बदलणारी तेव्हाची कालगणना. जानेवारीच्या कागदाला त्यात ६०० मिळवा, की झाला इसवी सन. १७६१. पानिपत!

आज यातलं ‘सितैन’ पकडू. त्याच्या पोटात अरबी सहा आहे, ‘सित्ता’. मग सहावा म्हणजे काय? ‘सादिस’. एक षष्ठांश? ‘सुद्स’. आता हा ‘द’ कुठून उपटला?

(पाटीवर लिहीत) उपटला नाही, तो आधीपासूनच होता. मूळ अक्षरं स-द-स. म्हणून बघा भरभर: सिद्स, सिद्स, सिद्स... वळते का जीभ? आठव्या शतकातला व्याकरणकार सीबवैह सांगतो, की शेवटच्या ‘स’चा ‘त’ झाला आणि त्या ‘त’मध्ये ‘द’ विरघळला. सिद्स, सिद्त, सित्त. येमेनच्या प्राचीन शिलालेखांत सहाच्या शब्दातला ‘द’ अजून शाबूत दिसतो.

हसू नका, आपणही तेच करतो. आपण ‘साठ’ म्हणतो, पण पुढे? एकसष्ट, बासष्ट. संस्कृत ‘षष्टि’मधला ‘ष’ साठमधून गेला, एकसष्टात टिकला. रोज तोंडात असणारा शब्द जास्त झिजतो, माझ्या मते तरी.

त्याच स-द-सचा ‘मुसद्दस’ म्हणजे षटकोन. आणि आजच्या अरबीत पिस्तूलसुद्धा मुसद्दस, रिव्हॉल्व्हरच्या सहा घरांवरून!

आता खरं लचांड. अरबीत शेवटचा ‘आ’ सहसा स्त्रीलिंगाची खूण. पण आकड्यांत, तीन ते दहा, सगळा उलटा कारभार. सहा पुरुष असले तर ‘सित्ता’, सहा बायका असल्या तर नुसतं ‘सित्त’. व्याकरणकारांनी कारणं बरीच दिलीत, मला एकही पटलेलं नाही.

पण यामुळे मोडी कागद कळतो. वर्षाला अरबीत ‘सना’ म्हणतात, तो शब्द स्त्रीलिंगी. म्हणून ११६६ साल लिहिताना आपला कारकून ‘सित्ता’ लिहीत नाही, ‘सित सितैन मया व अलफ’ लिहितो. आणि ११६१ मधलं ते ‘इहिदे’? अरबी ‘इह्दा’. तेही ‘एक’चं स्त्रीलिंगी रूप.