मिठाची पुडी आणि पेटीच्या झाकणातली यादी

श्रोतेहो, नमस्कार.

सण जवळ आला की घराघरांत याद्या लिहिल्या जातात, आणि सण उलटला की त्या रद्दीत जातात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून आठवत बसावे लागते. आज मी अशा यादीविषयी बोलणार आहे जी फेकायची नसते, दरवर्षी तीच काढायची असते. तिची एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: ही यादी सण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहायची.

हे मला वेळ अमावास्येने शिकवले. लातूर आणि धाराशिवकडच्या श्रोत्यांना येळवस म्हणजे काय हे सांगायला नको; इतरांसाठी सांगते, वेळ अमावास्येलाच आमच्याकडे येळवस म्हणतात, आणि मार्गशीर्षातल्या या अमावास्येला शेतात पूजा करून सगळे तिथेच जेवतात. त्या दिवशी शहरातले रस्ते ओस पडतात आणि सारी माणसे शिवारात असतात. त्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि शेतातल्या जेवणाची सगळी जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर आली होती. पै-पाहुणे धरून तीस माणसे होती. मी तीन दिवस राबले. आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ आंबवले, तुरीच्या आणि वालाच्या शेंगा सोलल्या, पहाटे भज्जीचे, म्हणजे दाणे आणि पालेभाज्यांच्या मिश्र भाजीचे, मोठे पातेले उतरवले, बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, केले, गव्हाची खीर केली आणि आठ वाजता सगळे जीपमध्ये भरले. शेतात कोपीतल्या, म्हणजे कडब्याच्या पेंढ्यांच्या खोपीतल्या, पाच पांडवांची पूजा झाली, धाकट्या दिरांनी बिंदग्यातली, म्हणजे लहान घागरीतली, आंबील पिकात शिंपडत शेताला फेरी मारली, पंगत बसली, आणि मी आंबील चाखली तर ती अळणी होती. आमच्याकडे आंबिलीत मीठ शेतात गेल्यावर घालतात, आणि मिठाची बरणी घरी ओट्यावर राहिली होती.

शेजारच्या शेतातही येळवस चाललेली होती, म्हणून मी दिरांना तिकडे मीठ आणायला पाठवले. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली, दीर परतले नाहीत. मग पुतण्याला पाठवले, तोही गेला तो गेलाच. पंगत ताटांवर खोळंबलेली पाहून शेवटी मीच बांधावरून चालत गेले, तर दोघेही तिथल्या कोपीसमोर मांडी घालून जेवत होते. त्या घरच्या आजींनी मलाही हाताला धरून बसवायला घेतले आणि म्हणाल्या, "आधी दोन घास खा, मग मीठ ने. येळवशीला उपाशी कुणाला वाटेला लावत नसतेत." तीस माणसे खोळंबली आहेत, असे मी काकुळतीने सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्या पदराच्या टोकाला मूठभर खडेमीठ गाठ मारून बांधले आणि वर दोन उंडे हातावर ठेवले. त्या गाठीतले मीठ मी आमच्या आंबिलीत सोडले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते आणि लहान मुले भुकेने रडकुंडीला आली होती.

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि मला एका शब्दानेही टोकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मला वही घेऊन पलंगाशी बसवले आणि म्हणाल्या, "आज लिही. आज काय राहिलं ते जिभेवर आहे, वर्षानं नसेल." त्यांनी पदार्थांप्रमाणे यादी लिहू दिली नाही, घरातून आपण जसे चालतो तशी लिहायला लावली, म्हणजे आधी ओटा, मग देवघर, मग माळा, मग अंगण. पहिला शब्द मीठ होता. शेवटचा शब्दही मीठ होता, कारण त्यांनी एक जादा पुडी सांगितली, शेजारच्या शेतातून कोणी मागायला आले तर त्यांच्यासाठी. ती यादी मी येळवशीचे मडके, बिंदगे आणि घोंगडी ज्या पत्र्याच्या पेटीत असतात, तिच्या झाकणाला आतून चिकटवली. पेटी उघडली की यादी समोर येते; ती शोधावी लागत नाही.

पुन्हा सांगते: यादी सणाच्या दुसऱ्या दिवशी लिहायची आणि सामानाजवळच ठेवायची.

या यादीत तारखा मात्र घालू नयेत. २०२४ या एकाच वर्षात वेळ अमावास्या दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला; महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, २०२३ मध्ये २१ सप्टेंबरला बसल्या आणि २०२५ मध्ये ३१ ऑगस्टलाच. अधिक महिन्यामुळे सण असे पुढेमागे होतात. म्हणून "आठ दिवस आधी", "आदल्या रात्री", "निघताना" असे तीन भाग करावेत. मग यादी कोणत्याही वर्षी चालते. आठ दिवस आधीच्या भागात आमच्याकडे कडब्याच्या पेंढ्या आहेत, कारण सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यापासून कोपीला लागणाऱ्या पेंढ्याही कोणाकडे तरी सांगून ठेवाव्या लागतात, आणि या गोष्टीचे मला मनापासून वाईट वाटते. त्याच भागात पाणी आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरमध्ये, पाहुणे येण्याआधी नळ कोणत्या दिवशी येणार हे किराण्याच्याही आधी लिहावे.

वर्षानुवर्षे हेच करणाऱ्या बाईला यादी कशाला, असे कोणी विचारते. अमेरिकेत ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोईंगचे नवे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. चालवणारा वैमानिक अनुभवी होता, पण विमान उभे असताना शेपटाकडच्या हलत्या पट्ट्या हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणापूर्वी तपासायच्या याद्या तयार झाल्या. हात सरावाने चालू लागतात तेव्हाच एखादी गोष्ट राहते. म्हणून आमच्याकडे एक जण यादी मोठ्याने वाचतो आणि दुसरा वस्तू जीपमध्ये ठेवून "आली" म्हणतो, आणि वाचणारे काम घरातल्या पुरुषांनी करावे असा माझा आग्रह आहे. त्यांनी यादी वाचली की सणाला किती हात लागतात हे त्यांना कळते.

महिन्याचा किराणा, गावाला जाताना बंद करायचे गॅस आणि नळ, महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि त्या उभ्या करायच्या आडण्या यांच्याही याद्या याच रीतीने होतात. कागद लॅमिनेट करून घ्यावा, पुसता येणाऱ्या पेनने खुणा कराव्यात आणि काम झाले की ओल्या फडक्याने पुसाव्यात. काय उरले आणि काय कमी पडले एवढे मात्र न पुसता पाठीमागे लिहावे. आमच्या यादीच्या पाठीमागे गेल्या वर्षीची नोंद आहे: उंडे चाळीस उरले, खीर कमी पडली, घोंगडीला कसर लागली, पुढच्या वेळी आधी ऊन दाखवावे. घोंगडी आज सकाळीच गच्चीवर घातली आहे.

नमस्कार.