हिऱ्यातला दोष आणि चेतापेशीची वीज
(वडोदऱ्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषयाचं नाव भारदस्त छापलंय, पण प्रश्न साधा आहे. चेतापेशीतून वीज धावते, हे आपण शाळेतच शिकलो. तिला हात न लावता ती धावताना पाहता येईल का?

आजवर पाहिली ती बहुतेक हात लावूनच. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३९ साली माकूळ या समुद्री प्राण्याचा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीची वीज वाहून नेणारा लांब धागा, घेतला. तो चांगला अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणून त्यात आतून बारीक तार सरकवता आली. विजेचा स्पंद नोंदवला गेला. जेमतेम एक हजारांश सेकंद टिकणारा, साधारण शंभर मिलिव्होल्टचा. याच मार्गाने पुढे केलेल्या कामाला १९६३ साली नोबेल मिळालं. आज तारेऐवजी काचेची केसाहून बारीक नळी असते, पण ती पेशीला भिडवावीच लागते, आणि बरीचशी हाताळणी झाली की पेशी काही तासांतच मान टाकते. चमकणारे रंग वापरावेत, तर ते आधी पेशीत घालावे लागतात. डोक्यावर ईईजीच्या, म्हणजे मेंदूची वीज बाहेरून नोंदवणाऱ्या, चकत्या चिकटवल्या, तर कवटीतून बाहेर येईपर्यंत विजेचं चित्र पार पसरट होतं.

आता वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होणारच. मांस, हाड, पाणी यांना त्याची फारशी दखल नसते. ते जवळजवळ जसंच्या तसं बाहेर येतं. बेडकाच्या चेतेभोवतीचं असं क्षेत्र १९८० सालीच मोजलं गेलंय. पण मोजणारं यंत्र अतिसंवाहक, म्हणजे द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर बसलेलं. जिवंत पेशी त्याला टेकवायची कशी? हवा होता तो पेशीच्या अंगाला अंग लावून, तिच्याच तापमानात बसू शकेल असा मापक. तो सापडला हिऱ्यात.

म्हणजे निर्मळ हिऱ्यात नव्हे. हिऱ्यातला कार्बनचा एक अणू काढून तिथे नायट्रोजन बसवायचा आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवायची. हाच तो हिऱ्यातला दोष. या जोडगोळीत अडकलेले इलेक्ट्रॉन एखाद्या बारक्या चुंबकासारखे वागतात. त्यांच्यावर हिरवा लेसर टाकला की तांबडा उजेड परत येतो, आणि इलेक्ट्रॉन कोणत्या पुंजीय (क्वांटम) अवस्थेत आहेत त्यानुसार तो उजेड थोडा जास्त किंवा थोडा कमी असतो. या अवस्था बदलायला सेकंदाला २८७ कोटी कंपनांची सूक्ष्मलहर (मायक्रोवेव्ह) लागते. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र बदललं की हा आकडा सरकतो, एका नॅनोटेस्लाला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं बारीक एकक) फार तर २८ कंपनं. आपण वाचायचं ते हे सरकणं. आणि हे सगळं साध्या खोलीच्या तापमानाला चालतं, ना हेलियम, ना थर्मास.

वडोदऱ्यात हिऱ्याचा विषय निघाला की खंडेराव महाराज गायकवाडांची आठवण येणारच. त्यांनी घेतलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ १८५३ मध्ये ब्राझीलच्या खाणीत सापडला होता. पैलू पाडल्यावर १२८ कॅरेट. पुढे त्याची तपासणी झाली तेव्हा तो नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या गटातला निघाला. जवाहिऱ्याच्या लेखी दुर्मीळ, आणि या कामाला कवडीचा उपयोग नाही! इथून दोन-अडीच तासांवर सुरतेत प्रयोगशाळेतले हिरे वाढवतात. तिथेही खटपट असते ती नायट्रोजन बाहेर ठेवण्याची. मापकाचा हिरा वाढवणारा तो मोजून आत सोडतो, मग इलेक्ट्रॉनांचा मारा करून पोकळ्या पाडतो आणि आठशे अंशांच्या वर तापवून त्या पोकळ्या नायट्रोजनपर्यंत सरकवतो.

हार्वर्डमध्ये रोनाल्ड वॉल्सवर्थ यांच्या गटाने २०१६ साली असा हिरा एका समुद्री अळीच्या जाड अक्षतंतूखाली ठेवला. अक्षतंतू चाळवला, स्पंद गेला, आणि हिऱ्याने तो टिपला. क्षेत्र होतं सुमारे चार नॅनोटेस्ला. आपण बसलोय या सभागृहात पृथ्वीचंच क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या वर आहे, हे लक्षात घ्या. माकुळीच्या अक्षतंतूवरही जमलं, आणि पुढे अख्ख्या जिवंत अळीवर, मध्ये तिचं मांस असताना. क्षेत्राची दिशा पाहून स्पंद डोक्याकडून शेपटीकडे निघालाय की उलटा, हेही सांगता आलं. मला या प्रयोगातली ही गोष्ट सर्वांत आवडते, कारण एकाच जागी टोचलेल्या तारेला हे सांगता येत नाही.

पण एका स्पंदात ते दिसलेलं नाही. नवरात्रात आपल्या मैदानावर हजारो जण गरबा खेळतात. त्यात एकीच्या पैंजणांचा आवाज वेगळा काढायचाय. एका फेरीत अशक्य. ती दर फेरीला त्याच ठेक्यावर पाय टाकत असेल आणि शेकडो फेऱ्यांचं ध्वनिमुद्रण एकावर एक ठेवलं, तर बाकीचा कोलाहल आपसात कटतो आणि पैंजण उरतं. अळीचा अक्षतंतू असाच शेकडो वेळा चाळवून सरासरी काढली होती. सरासरीचा हिशोबही कंजूष असतो: दहापट स्वच्छ हवं तर शंभरपट नोंदी लागतात.

आणखी एक त्रास आहे उष्णतेचा. हिरा एक अंश तापला की तो २८७ कोटींचा आकडा ७४ हजारांनी खाली येतो. म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागाने चौऱ्याहत्तर कंपनं. चार नॅनोटेस्लाचा स्पंद सरकवतो तोही शंभरएकच. पेशी बोलली की हिरा जरासा तापला, कसं ओळखणार? तोड अशी की चुंबकीय क्षेत्रात या कंपनांच्या दोन रेषा होतात. उष्णता दोन्हींना एकाच बाजूला ढकलते, क्षेत्र मात्र विरुद्ध बाजूंना. दोन्ही एकत्र वाचून वजाबाकी केली की उष्णता निघून जाते. कागदावर फार सुरेख; टेबलावर घाम काढते.

तेव्हा ‘मेंदू वाचणारा हिरा’ असे मथळे दिसले तर जरा सबुरीने घ्या. अळीचा अक्षतंतू जाडजूड. आपल्या मेंदूतले बहुतेक एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास, त्यामुळे त्यांचं क्षेत्र कितीतरी क्षीण. शिवाय विचार काही ठेक्यावर सहाशे वेळा तोच येत नाही, मग सरासरी कशाची काढणार?

प्रश्नोत्तरांत एका आजींनी विचारलं, “माझ्या नातवाला फिट येतात. त्याला याचा उपयोग होईल का?” हिऱ्याचा आज नाही, आजी. पण त्याच्याच जातीचा दुसरा पुंजीय मापक आहे, रुबिडियमच्या वाफेचा. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१८ साली तो शिरस्त्राणात बसवला. माणूस मान हलवत, चहा पीत बसलेला असताना मेंदूचं क्षेत्र मोजलं. फिटचा उगम शोधण्यासाठी त्याच्यावर काम चालू आहे. तो एक पेशी पाहत नाही, एकदम बोलणारे पेशींचे मोठे समूह पाहतो, आणि त्यालाही चुंबकीय आडोशाची खास खोली लागतेच.

हिऱ्याकडून जवळची अपेक्षा धरायची तर ती उंदराच्या मेंदूच्या पातळ कापाची. काप हिऱ्यावर ठेवायचा, अनेक पेशी एकाच वेळी चाळवायच्या आणि शेजारी जुना इलेक्ट्रोडही ठेवायचा, म्हणजे दोन्ही नोंदी ताडून पाहता येतात. मुंबईच्या आयआयटीत अशाच दोषांवर चालणारा सूक्ष्मदर्शक उभा राहिलाय. २०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत, तिला ६,००३ कोटींची मंजुरी आहे, संवेदनाचं केंद्रही तिथेच दिलंय. वडोदऱ्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं. भौतिकशास्त्राची जी मुलं मागे उभी आहेत त्यांनी एकदा जाऊन पाहावं.